रागाच्या मुखवट्यामागचे हसू : हार्डकोर पंकची खोडकर बाजू

जून १९९६. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहराच्या गोल्डन गेट पार्कमध्ये दोन दिवस संगीताचा मोठा कार्यक्रम झाला. तिबेटी जनतेच्या स्वातंत्र्याला पाठिंबा देण्यासाठी सुमारे एक लाख लोक तिथे जमले होते. या कार्यक्रमामागे जो माणूस होता, तो अ‍ॅडम यॉक, 'बीस्टी बॉईज' या प्रसिद्ध बँडचा सदस्य. यॉक बुद्धधम्माच्या मार्गावर आलेला होता. बोधिसत्त्वाच्या व्रतावर त्याने गाणेही रचले होते.

हा माणूस संगीतात आला तो मात्र भलत्याच दारातून. १९८१ साली, आपल्या सतराव्या वाढदिवशी, न्यूयॉर्कमध्ये मित्रांसमोर त्याच्या बँडने पहिला कार्यक्रम केला. बँड होता हार्डकोर पंकचा. म्हणजे कानठळ्या बसवणारा आवाज, भयंकर वेग आणि अखंड आरडाओरडा. आणि या सगळ्यात भरपूर टवाळकी.

हार्डकोर पंक म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर रागच येतो. मुंडण केलेली डोकी, फाटके टी-शर्ट, एकमेकांवर आदळणारी पोरे, गळ्याच्या शिरा ताणून ओरडणारा गायक. हे चित्र खोटे नाही, पण अर्धे आहे. सुरुवातीच्या हार्डकोरमध्ये राग जितका होता, तितकाच खोडकरपणाही होता. ही दुसरी बाजू कशी होती, तिने काय साधले आणि ती कुठे चुकली, हे समजून घेण्यासारखे आहे. कारण थट्टा कोणाची करायची, हा प्रश्न केवळ पंक संगीताचा नाही.

हार्डकोर म्हणजे नेमके काय?

१९७० च्या दशकाच्या मध्यात न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये पंक संगीत पुढे आले. त्या काळी रॉक संगीत मोठमोठ्या स्टेडियममध्ये जाऊन बसले होते. महागडी वाद्ये, दहा-दहा मिनिटांची गिटारवादने आणि श्रोत्यांपासून दूर राहणारे तारे. पंकने सांगितले की तीन कॉर्ड येत असतील तर पुरे, तुम्हीही बँड काढू शकता.

दशक संपता संपता अमेरिकेतील आणखी तरुण मुलांनी हे संगीत हातात घेतले. दक्षिण कॅलिफोर्निया, सॅन फ्रान्सिस्को आणि वॉशिंग्टन ही त्याची मोठी केंद्रे. अनेक जण तर शाळकरी वयाचे होते. त्यांनी वेग आणखी वाढवला, गाणी आणखी छोटी केली. १९८० साली 'सर्कल जर्क्स' या बँडचा पहिला अल्बम आला. त्यात १४ गाणी होती आणि सगळा अल्बम साधारण पंधरा मिनिटांत संपत होता. कॅनडातील 'डीओए' या बँडने १९८१ साली आपल्या अल्बमच्या नावातच 'हार्डकोर' हा शब्द घातला आणि तो शब्द रूढ व्हायला मदत झाली.

या मुलांना मोठ्या कंपन्या दारात उभ्या करत नव्हत्या. म्हणून त्यांनी आपल्या कंपन्या स्वतःच काढल्या. 'ब्लॅक फ्लॅग' बँडचा गिटारवादक ग्रेग जिन याचा लहानपणापासून रेडिओचे सुटे भाग टपालाने विकण्याचा छोटा धंदा होता. त्याच धंद्याच्या नावावर त्याने रेकॉर्ड कंपनी सुरू केली. वॉशिंग्टनमध्ये इयन मॅकाय आणि त्याच्या मित्रांनी 'डिसकॉर्ड' ही कंपनी काढली. रेकॉर्डची पाकिटे ते घरी बसून कात्रीने कापत, घडी घालत आणि डिंकाने चिकटवत. जाहिरात म्हणजे झेरॉक्स काढलेली हस्तपत्रके. शाळेचा प्रकल्प करावा तसा हा उद्योग चालायचा, आणि त्यात तसाच धमाल उत्साह होता.

उद्यानातली खोडी

जुलै १९७९ मधला एक प्रसंग पाहा. लॉस एंजेलिसजवळच्या मॅनहॅटन बीच या गावात पॉलिवॉग पार्क नावाचे उद्यान आहे. रविवारी कुटुंबे डबे घेऊन तिथे येत आणि गाणी ऐकत. ब्लॅक फ्लॅगने आपण साधा, सभ्य रॉक बँड असल्याचे आयोजकांना पटवून देऊन तिथे कार्यक्रम मिळवला. मग व्हायचे तेच झाले. पहिल्याच गाण्याला गवतावर बसलेल्या आईबापांची तोंडे उघडीच राहिली आणि थोड्याच वेळात कलिंगडाच्या फोडी, सँडविच, हाताला येईल ते मंचाच्या दिशेने उडू लागले. बँड वाजवतच राहिला.

या प्रसंगात कोणाचे फारसे नुकसान झाले नाही. झाले ते इतकेच की एका शांत, सुखवस्तू वस्तीला आपल्याच मुलांच्या पिढीचा आवाज अचानक ऐकावा लागला.

वॉशिंग्टनमधल्या 'बॅड ब्रेन्स' या बँडचा खेळकरपणा निराळ्या जातीचा होता. हे चारही कृष्णवर्णीय तरुण आधी जॅझच्या अंगाचे अवघड संगीत वाजवत. वाद्यांवर हुकमत असल्याने ते इतरांपेक्षा कितीतरी वेगाने आणि तरीही बिनचूक वाजवू शकत. त्यांचा गायक एच. आर. मंचावर उलटी कोलांटी मारायचा आणि गाण्याच्या शेवटच्या ठोक्याला बरोबर पायांवर उभा राहायचा. पाहणाऱ्या मुलांना हा राग वाटत नव्हता, तर चमत्कार वाटत होता. गोऱ्या मुलांचे संगीत म्हणून जे ओळखले जाई, त्यातले सर्वांत कुशल वादक कृष्णवर्णीय होते, हेही इथे लक्षात ठेवले पाहिजे.

आधी स्वतःवर हसा

हार्डकोरमधला सर्वांत निर्मळ विनोद होता तो स्वतःवर केलेला.

'डिसेंडेंट्स' हा कॅलिफोर्नियातला बँड. मंचावर रागीट बंडखोर दिसायचे सोडून यांनी खाणे, कॉफी, आईवडील आणि मुली आपल्याकडे बघत नाहीत याचे दुःख, असे विषय घेतले. १९८१ च्या त्यांच्या छोट्या रेकॉर्डवर एक गाणे अवघ्या दहा-अकरा सेकंदांचे आहे आणि त्यात खाण्याची ऑर्डर देण्यापलीकडे काहीही घडत नाही! त्यांचा गायक मायलो ऑकरमन जाड चष्मा लावणारा, अभ्यासू मुलगा. तो जीवशास्त्र शिकायला विद्यापीठात निघाला तेव्हा बँडने १९८२ च्या अल्बमचे नावच 'मायलो कॉलेजला जातो' या अर्थाचे ठेवले. मुखपृष्ठावर चष्मेवाल्या मायलोचे व्यंगचित्र. मायलोने पुढे खरोखरच जीवशास्त्रात पीएच.डी. मिळवली. बंडखोराने अभ्यासू असू नये असा नियम कोणी केला होता? शाळेत ज्याला चिडवले जाते, तोच इथे नायक झाला.

'मायनर थ्रेट' हा वॉशिंग्टनचा बँड गंभीर म्हणून ओळखला जातो. दारू आणि अंमली पदार्थ नको म्हणणारे त्यांचे गाणे जेमतेम पाऊण मिनिटाचे आहे, पण त्यातून 'स्ट्रेट एज' ही व्यसनमुक्त तरुणांची चळवळ उभी राहिली. या चळवळीची खूण म्हणजे हातावर काढलेली काळी फुली. तिची गोष्ट मजेदार आहे. १९८० साली मॅकायचा आधीचा बँड 'टीन आयडल्स' सॅन फ्रान्सिस्कोला गेला होता. तिथल्या क्लबमध्ये दारू मिळत असल्याने अल्पवयीन मुलांना आत घेताना त्यांच्या हातावर फुली काढली जाई. उद्देश हा की गल्ल्यावरच्या माणसाने यांना दारू देऊ नये. मुलांनी ही युक्ती वॉशिंग्टनच्या क्लबला सांगितली. लवकरच मनाईची ती खूण मुले अभिमानाने मिरवू लागली. तुम्ही काय आम्हाला दारू नाकारणार, आम्हालाच ती नको आहे! पाचवे शील पाळणाऱ्या वाचकांना यातली गंमत वेगळी सांगायला नको.

याच बँडवर पुढे आरोप होऊ लागला की हे आता पैशासाठी वाजवतात. त्यांनी खुलासा केला नाही, भांडणही काढले नाही. १९८३ च्या रेकॉर्डच्या शेवटी, यादीत नाव न छापता, एक गाणे टाकले. त्यात ते स्वतःच स्वतःला पैशाचे लोभी म्हणून नाचवतात. त्या रेकॉर्डच्या मुखपृष्ठावर पांढऱ्या मेंढ्यांचा कळप एका दिशेला आहे आणि एक काळी मेंढी मजेत उड्या मारत दुसरीकडे निघाली आहे. सिंथिया कॉनली या तरुणीने काढलेले हे चित्र पाहिले की त्या काळाचा स्वभाव कळतो.

हार्डकोरचे नियमही थट्टेतून सुटले नाहीत. सगळे वेगाने वाजवतात म्हणून सॅन फ्रान्सिस्कोचा 'फ्लिपर' हा बँड मुद्दाम रेंगाळत वाजवायचा आणि वेगासाठी आलेल्या गर्दीला वैताग आणायचा. टेक्सासमधल्या ऑस्टिनचा 'बिग बॉईज' हा तर उत्सवच. त्यांचा धिप्पाड गायक रँडी टर्नर, सगळे त्याला 'बिस्किट' म्हणत, कधी बॅले नर्तकीचा घेरदार झगा घालून मंचावर यायचा. तो प्रेक्षकांना मंचावर बोलवायचा आणि घरी जाऊन स्वतःचे बँड काढायला सांगायचा. पुरुषाने कसे दिसावे याचे सगळे ठोकताळे त्या झग्याने एका क्षणात हास्यास्पद करून टाकले.

सत्तेची टिंगल

आपल्या तमाशातला सोंगाड्या राजालाच चार शब्द सुनावतो आणि लोक हसतात. सॅन फ्रान्सिस्कोच्या 'डेड केनेडीज' या बँडचा गायक जेलो बियाफ्रा हा त्याच जातीचा.

१९७९ साली तो शहराच्या महापौरपदासाठी निवडणुकीला उभा राहिला. त्याच्या जाहीरनाम्यातले प्रसिद्ध कलम असे, की व्यापारी-उद्योजकांनी शहरात फिरताना विदूषकाचा पोशाख घालावा. प्रतिस्पर्धी डायन फाइनस्टाइन यांनी प्रसिद्धीसाठी रस्ता झाडला होता, म्हणून हा विजेवर चालणारा झाडू घेऊन त्यांच्या घरासमोरची पाने गोळा करायला गेला. पण त्याच जाहीरनाम्यात हसण्यापलीकडच्याही गोष्टी होत्या. ज्या वस्तीत पोलीस गस्त घालतात, त्या वस्तीच्या मतांवर त्यांची नेमणूक ठरावी, असे एक कलम होते. रिकाम्या पडलेल्या, कर थकलेल्या इमारतींत बेघरांना राहू द्यावे, असे दुसरे. विनोदाच्या आडून खरे प्रश्न गेले. बियाफ्राला सहा हजारांहून अधिक मते मिळाली, म्हणजे साडेतीन टक्क्यांपेक्षा जास्त. एकवीस वर्षांच्या पंक गायकासाठी हे थोडे नव्हते.

पुढच्या वर्षी शहरातील एका संगीत पुरस्कार सोहळ्यात या बँडला बोलावले गेले. आयोजकांना नव्या लाटेचे संगीतही हवे होते. बँड आला तो पांढरे शर्ट घालून, छातीवर इंग्रजी 'एस' अक्षर रंगवलेले. ठरलेले गाणे सुरू करून काही सेकंदांत थांबवले. मग चौघांनी पाठीवर टाकलेले काळे टाय पुढे ओढले. उभा टाय 'एस'वर येताच छातीवर डॉलरचे चिन्ह तयार झाले! आणि त्यांनी वाजवले ते संगीताच्या बाजाराची खिल्ली उडवणारे नवे गाणे, तेही त्या बाजारातल्या बड्या मंडळींसमोर.

घरी कॅसेटवर गाणी भरून घेतल्याने संगीत मरते, अशी ओरड त्या काळी रेकॉर्ड कंपन्या करत होत्या. डेड केनेडीजने १९८१ साली आपल्या कॅसेटची एक बाजू सरळ कोरी सोडली आणि तिच्यावर तुम्हीच गाणी भरून घ्या, असे छापले.

या सगळ्यात एक समान धागा आहे. टिंगल वरच्याची आहे. महापौर, पोलीस, कंपनी, पुरस्कार वाटणारे हे सगळे टिंगल सहन करू शकतील इतके बलवान होते.

थट्टा फसते तेव्हा

आता दुसरी बाजू. ती लपवून हा लेख पूर्ण होणार नाही.

सुरुवातीच्या काही पंक कलाकारांनी केवळ लोकांना धक्का द्यायचा म्हणून नाझी स्वस्तिकाचे चिन्ह अंगावर मिरवले. त्यांच्या लेखी ती खोडी होती. पण ज्यांचे आप्त छळछावण्यांत मारले गेले, त्यांना यात हसण्यासारखे काय होते? आणि काही वर्षांतच गर्दीत असे लोक दिसू लागले, ज्यांना ते चिन्ह खोडी म्हणून नको होते, खरेच हवे होते. कार्यक्रमांत मारामाऱ्या वाढल्या. पडलेल्याला हात देऊन उठवायचे हा नाचणाऱ्यांमधला साधा संकेतही अनेक ठिकाणी मोडला. तेव्हा १९८१ साली डेड केनेडीजला नाझी पंकांना हाकलून लावणारे गाणे करावे लागले. सोबत फुली मारलेल्या नाझी स्वस्तिकाची दंडपट्टी त्यांनी दिली.

'फिअर' या बँडचा गायक ली व्हिंग मंचावरून प्रेक्षकांना डिवचायचा. १९८१ च्या 'द डिक्लाइन ऑफ वेस्टर्न सिव्हिलायझेशन' या माहितीपटात ते दिसते. त्यातले बरेचसे शेरे समलिंगी लोकांना हिणवणारे आहेत. हे सगळे सोंग आहे, असे त्याचे चाहते म्हणत. डिसेंडेंट्सच्या ज्या अल्बमचे वर कौतुक केले, त्यातही अशी भाषा आहे. विनोद तोच, वेगही तोच, पण इथे लाथ खाली बसली. बिस्किटने झगा घालून जी मोकळीक मिळवली होती, तीच या शेऱ्यांनी कोणाकडून तरी काढून घेतली.

यॉकची वाट

बीस्टी बॉईजच्या वाटचालीत या दोन्ही बाजू एकत्र भेटतात.

सुरुवातीला हा निखळ टवाळ पोरांचा बँड. नावात 'बॉईज', पण ड्रम वाजवायला केट शेलनबाख ही मुलगी! १९८३ साली त्यांनी एका आइस्क्रीमच्या दुकानाला खोडसाळ फोन केला, ते बोलणे ध्वनिमुद्रित केले आणि त्यावर ठेका चढवून रेकॉर्ड काढली. ती न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये गाजली. त्यातूनच ते रॅप संगीताकडे वळले. या वळणावर केटला बाजूला सारले गेले.

१९८६ साली त्यांचा पहिला रॅप अल्बम आला आणि अमेरिकेच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. दारू पिऊन धिंगाणा घालणाऱ्या बेताल पोरांची नक्कल त्यातल्या सर्वांत गाजलेल्या गाण्यात होती. पण ऐकणाऱ्यांना ती नक्कल वाटलीच नाही. ज्यांची थट्टा केली होती, तेच पहिल्या रांगेत उभे राहून टाळ्या वाजवू लागले. आणि रोज रात्री ते सोंग करता करता बँडही तसाच होत गेला. मंचावर पिंजऱ्यात नाचणाऱ्या मुली उभ्या केल्या. या अल्बमचे मूळ नाव तर समलिंगींना शिवी देणारे होते. वितरक कंपनीने नकार दिला म्हणून ते बदलले. सोंग घेतले ते खरे, पण अंगावरून उतरेनासे झाले.

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला यॉक नेपाळमध्ये भटकंतीला गेला. तिथे त्याची तिबेटी निर्वासितांशी आणि बुद्धधम्माशी ओळख झाली. १९९४ च्या अल्बममध्ये त्याने स्वतःच्या तोंडून सांगितले की स्त्रियांचा अवमान आता थांबला पाहिजे. त्याच अल्बमवर बोधिसत्त्वाच्या व्रताचे गाणे आहे. १९९९ साली त्याचा साथीदार अ‍ॅडम होरोविट्झ याने न्यूयॉर्कच्या एका नियतकालिकाला पत्र लिहून पहिल्या अल्बमच्या काळातील बोलण्याबद्दल समलिंगी समाजाची जाहीर माफी मागितली. केटला दूर केल्याची खंतही पुढे बँडमधल्यांनी उघडपणे बोलून दाखवली.

मज्झिम निकायात भगवान बुद्धांनी राहुलला केलेला उपदेश आहे. सम्राट अशोकाने भाब्रू शिलालेखात ज्या सात धम्मपाठांची शिफारस केली, त्यांत राहुलच्या या उपदेशाचाही समावेश आहे. गंमत म्हणूनसुद्धा खोटे बोलायचे नाही, असे त्यात राहुलला सांगितले आहे. कृती करण्याआधी, करताना आणि केल्यावर आपण पाहावे, की यातून स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा तर होत नाही ना? वाणीने इजा झाली असेल तर ती उघडपणे कबूल करावी आणि पुढे जपावे. 'मी तर थट्टा करत होतो' ही पळवाट इथे मुळातच बंद केलेली आहे.

याचा अर्थ यॉकने हसणे सोडले असा नाही. त्याने स्वित्झर्लंडहून आलेला एक काल्पनिक काका रचला होता आणि त्याच्या नावाने तो आपल्या बँडच्या चित्रफिती दिग्दर्शित करायचा. १९९४ च्या एमटीव्ही पुरस्कार सोहळ्यात, बोधिसत्त्वाचे गाणे आले त्याच वर्षी, त्या काकाच्या वेशात, चामडी अर्धी चड्डी घालून तो मंचावर घुसला. आपल्या मित्राला दिग्दर्शनाचा पुरस्कार नाकारला गेल्याबद्दल त्याने तिथे जोरदार निषेध केला. सभागृह अवाक झाले. ही सतराव्या वर्षीचीच खोडी होती. बदलले होते ते इतकेच, की आता हसू होते ते त्याच्या स्वतःच्या वेशावर आणि त्या झगमगाटी सोहळ्यावर.

यॉक २०१२ साली कर्करोगाने, वयाच्या ४७ व्या वर्षी गेला. हार्डकोरच्या त्या पहिल्या पिढीतले अनेक जण आज साठीच्या पुढे आहेत आणि त्यांची ती पाऊण मिनिटाची गाणी अजूनही नव्या मुलांच्या कानांवर पडतात. ऐकताना आधी राग ऐकू येतो. जरा कान देऊन ऐकले, तर त्यामागे खिदळणारी पोरेही ऐकू येतात.